फोटो दुकानात बिघडत नाही

कलर लॅबच्या काउंटरवर एक वाद वर्षभर चालू असतो. ‘मोबाइलवर किती छान दिसतोय बघा, आणि तुम्ही हे काय छापलंय!’ गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, दुकानदार प्रिंट पुढे करतो. प्रिंट काळपट आलेला असतो, नवरीचा शालू नुसता लाल डाग दिसत असतो आणि कडेला उभ्या असलेल्या मावशी निम्म्या कापलेल्या असतात. दोष दुकानदाराच्या माथी मारून आपण घरी येतो आणि ‘आजकाल पूर्वीसारखे प्रिंट निघतच नाहीत’ असं ठरवून टाकतो. मग फोटो मोबाइलमध्येच राहतात. मोबाइल हरवतो किंवा बदलतो आणि त्याच्याबरोबर फोटोही जातात.

माझं म्हणणं साधं आहे. बहुतेक फोटो दुकानाची पायरी चढण्याआधीच बिघडलेले असतात. पाठवताना बिघडतात, सजवताना बिघडतात, कापताना बिघडतात. ही सगळी कामं आपण स्वतः करतो, त्यामुळे ती सुधारणंही आपल्याच हातात आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा नको की विकतचं सॉफ्टवेअर नको. खाली सांगितलेल्या गोष्टी मोबाइल वापरणाऱ्या कुणालाही जमण्यासारख्या आहेत.

मूळ फाइल हातची सोडू नका

सगळ्यात मोठी गळती व्हॉट्सॲपवर होते. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेल, म्हणजे एक कोटी वीस लाख रंगीत ठिपके. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की समोरच्याला मिळतो तो साधारण १६०० गुणिले १२०० पिक्सेलचा. निघाले एक कोटी वीस लाख आणि पोचले एकोणीस-वीस लाख. मोबाइलचा पडदा लहान असल्यामुळे हा फरक तिथे कळत नाही, मोठा प्रिंट काढला की कळतो. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर ‘एचडी’चा पर्याय आला आहे. त्यात नुकसान कमी होतं, पण होतंच. फोटो जसाच्या तसा पोचायला हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, गूगल ड्राइव्हची लिंक द्या, किंवा सरळ पेन ड्राइव्हवर घालून दुकानात न्या. परदेशातली लेक नातवाचे फोटो पाठवते तेव्हा तिलाही हेच सांगा.

स्टेटसचा किंवा इन्स्टाग्रामचा स्क्रीनशॉट तर छापायला नेऊच नका. पडद्यावर त्या वेळी जेवढं दिसतं तेवढंच स्क्रीनशॉटमध्ये उतरतं. आडवा फोटो उभ्या मोबाइलवर बघत स्क्रीनशॉट घेतला तर पुष्कळदा फोटोची रुंदी जेमतेम १०८० पिक्सेल भरते.

दुसरी गळती सेव्ह करताना होते. आपले बहुतेक फोटो जेपीजी प्रकारात असतात. १९९२ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत डोळ्याला सहज न दिसणारे बारकावे टाकून देते आणि जागा वाचवते. एकदा टाकले तर बिघडत नाही. पण फोटो उघडला, बदलला, सेव्ह केला, दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन पुन्हा सेव्ह केला, असं चालू राहिलं की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी गत होते. म्हणून मूळ फोटो बाजूला ठेवायचा आणि सगळी करामत नकलेवर करायची. ॲपमध्ये सेव्ह करताना गुणवत्तेचा पर्याय असेल तर तो सगळ्यात वरचा निवडा.

आयफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. २०१७ पासून हे फोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात ठेवू लागले. पुष्कळ दुकानांतल्या संगणकांवर ही फाइल उघडत नाही. घरूनच जेपीजी करून नेलं तर काउंटरवरची खटपट वाचते.

लग्नाचे फोटो बाहेरच्या फोटोग्राफरकडून काढून घेत असाल तर ठरवतानाच बोलून ठेवा की अल्बमबरोबर पूर्ण आकाराच्या फाइलही मिळाल्या पाहिजेत. अल्बममध्ये साठ-सत्तर पानं असतात, फाइलींत सगळं लग्न असतं. शिवाय अल्बमच्या पानावर वधूवरांच्या मागे स्वित्झर्लंडचे डोंगर चिकटवलेले असले, तरी फाइलीत तुमचा खरा मांडव शाबूत राहतो.

पडद्याचा उजेड उतरवा

‘प्रिंट काळपट आला’ या तक्रारीचं उत्तर बहुधा मोबाइलच्या ब्राइटनेसमध्ये असतं. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद तसं करत नाही, खोलीतला जेवढा उजेड त्याच्यावर पडेल तेवढ्यातलाच तो परत पाठवतो. म्हणून पूर्ण ब्राइटनेसवर बघून पसंत केलेला फोटो कागदावर मंद वाटणारच. मशीन कितीही चांगलं असलं तरी यात फरक पडत नाही.

फोटो सुधारायला बसण्याआधी चार गोष्टी करा. ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा आणि आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद करा. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’सारखी सोय बंद करा, आयफोनवर ‘ट्रू टोन’ही बंद करा. मोबाइलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘विविड’ आणि ‘नॅचरल’ असे पर्याय असतील तर ‘नॅचरल’ घ्या, कारण ‘विविड’मध्ये फोटोत नसलेला भडकपणा दिसतो. आणि उन्हात किंवा गाडीत बसून हे काम करू नका. एवढं केल्यावर फोटो अंधारा वाटला, तर तो खरोखरच अंधारा आहे असं समजा आणि मग उजळा.

संगणकावर काम करणाऱ्यांनी पडद्यावर एक कोरं पांढरं पान उघडावं आणि शेजारी खरा कोरा कागद धरावा. दोन्ही सारखेच उजळ दिसू लागेपर्यंत पडद्याचा ब्राइटनेस खाली आणावा. लॅपटॉपचं झाकण मागेपुढे केलं तरी बऱ्याच पडद्यांवर फोटो उजळ-काळा होतो, म्हणून समोरून, सरळ बघावं.

रंगांच्या बाबतीत एकच नाव लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘एसआरजीबी’ ही रंगमोजणीची पद्धत एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली आणि फोटो लॅबमधली व्यवस्था आजही मुख्यतः तिच्यावरच चालते. संगणकावरून फोटो सेव्ह करताना तीच निवडा. ‘ॲडोबी आरजीबी’मध्ये दिलेला फोटो अनेक ठिकाणी फिका छापला जातो. आणि ‘सीएमवायके’ ही लग्नपत्रिका, पुस्तकं, पोस्टर छापणाऱ्या ऑफसेटसाठीची पद्धत आहे. लॅबमध्ये द्यायच्या फोटोचं सीएमवायके करण्याच्या भानगडीत पडू नका.

क्रमानं सुधारा आणि लवकर थांबा

ॲप कोणतं वापरावं यावर फार वेळ घालवू नका. मोबाइलच्या गॅलरीतच ‘एडिट’ची सोय असते. मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर गिंप ही दोन्ही फुकट मिळतात आणि घरगुती कामाला भरपूर होतात. ॲपपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी फोटो सरळ करा. दाराची चौकट, भिंतीची कड किंवा समुद्राची रेघ तिरकी असेल तर ती पहिल्यांदा सुधारावी. मग उजेड बघा. चेहरे अंधारात असतील तर अख्खा फोटो उजळण्याऐवजी ‘शॅडोज’ हा स्लायडर थोडा वर न्या. सगळाच फोटो उजळलात तर मागचं आकाश आणि पांढरे सदरे कोरे पडतील. जिथे पांढरं पार कोरं झालं आहे तिथे फाइलीत काहीच शिल्लक नसतं आणि कोणतंही ॲप ते परत आणू शकत नाही. म्हणून फोटो काढतानाच काळजी घ्या. पडद्यावर उजळ भागाला बोट लावलं की मोबाइल उजेड कमी धरतो. थोडा अंधारा फोटो नंतर सुधारता येतो, कोरा पडलेला येत नाही.

नंतर रंगांचा झोक. ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट येतो, पिवळ्या दिव्याखाली नारिंगी, झाडाच्या सावलीत निळसर-हिरवट. अशा वेळी फोटोत खरोखर पांढरी असलेली एक वस्तू शोधा. आजोबांची टोपी, कुणाचा सदरा, भिंतीवरचं कॅलेंडर, काहीही चालेल. ‘व्हाइट बॅलन्स’ किंवा ‘वॉर्म्थ’ हलवत ती वस्तू पांढरी दिसेपर्यंत या, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. मात्र समईच्या उजेडातला फोटो असेल तर थोडा पिवळेपणा राहू द्या, तो तिथे खराच होता.

डाग, मध्येच आलेली वायर, भिंतीवरचा खिळा हे त्यानंतर पुसावं. ‘शार्पनिंग’ सगळ्यात शेवटी करावं. कागदावर फोटो किंचित मऊ उतरतो, म्हणून छापायच्या फोटोला पडद्यापेक्षा जरा जास्त धार चालते. पण केसांच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली की ती मर्यादा ओलांडली गेली.

थांबायचं कधी? मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो आलटून पालटून बघा. फोटोतली माणसं दिसण्याआधी तुमची कारागिरी दिसत असेल, तर सगळे स्लायडर निम्म्यानं मागे घ्या. आणि शक्य असेल तर रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा बघून मगच दुकानात द्या. डोळे भडकपणाला फार लवकर सरावतात.

हळद, झेंडू आणि स्टेजचा जांभळा

आपल्याकडचे समारंभ रंगांनी भरलेले असतात आणि प्रिंट बिघडण्याची नेमकी जागाही तीच असते. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रमाणावरून ठरतो आणि जेपीजीमध्ये प्रत्येकाचं प्रमाण ० ते २५५ असतं. झेंडूच्या फुलात, हळदीनं माखलेल्या हातात, लाल शालूत यांतला लाल आकडा आधीच २५५ च्या जवळ पोचलेला असतो. त्यावर तुम्ही ‘सॅच्युरेशन’ वाढवलंत की तो टोकाला जाऊन अडतो. मग पाकळी-पाकळीतला फरक मिटतो आणि तोरणाच्या जागी नारिंगी पट्टा उरतो. शालूची वीण दिसत नाही, मळवट सपाट डाग होतो.

उपाय उलट्या दिशेनं करायचा. रंग वाढवण्याऐवजी कमी करा. ॲपमध्ये एकेक रंग वेगळा हलवायची सोय असेल तर फक्त लाल, नारिंगी आणि पिवळा थोडा उतरवा आणि त्यांचा उजळपणाही जरासा कमी करा. पाकळ्या पुन्हा दिसू लागतील. मोबाइलवर फोटो किंचित फिका वाटेल, प्रिंट मात्र भरलेला येईल.

रिसेप्शनच्या स्टेजवरचे जांभळे-निळे एलईडी दिवे ही वेगळी कटकट आहे. त्या उजेडात चेहऱ्यावर दुसरे रंग पडतच नाहीत, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही हलवला तरी त्वचा खरी दिसत नाही. अशा फोटोशी झटापट करण्यापेक्षा तो कृष्णधवल करून छापा. हसू आणि डोळे तेवढेच बोलके राहतात. पुढच्या वेळी घरात कार्य असेल तेव्हा सजावटवाल्याला सांगा की स्टेजवर समोरून साधे पांढरे दिवेही हवेत. हे एक वाक्य फोटोंसाठी सगळ्या ॲपपेक्षा जास्त काम करतं.

चेहरा उजळा, गोरा करू नका

आता जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे फोटो ‘चांगला करा’ म्हटलं की चेहरा गोरा करून मिळतो. पुष्कळ मोबाइलचे कॅमेरेही ‘ब्यूटी’च्या नावाखाली हेच करतात. त्वचा गुळगुळीत होते, सुरकुत्या जातात, गालावरचा तीळ जातो. प्रिंट हातात आला की कळतं, हा माणूस आपल्या घरातला वाटत नाही.

हा रोग आजचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना एक नमुना फोटो पाठवत असे. त्यात एक गोरी स्त्री असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कित्येक दशकं तिची त्वचा ठीक छापली गेली की मशीन ठीक आहे असं समजलं जाई आणि सावळ्या-काळ्या त्वचेचे बारकावे हरवत. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असलेली नमुना कार्डं कोडॅकनं १९९० च्या दशकात आणली. आता मशीन सुधारली आहेत, आपण आपल्याच हातानं पुन्हा तो दोष आणायचं कारण नाही.

सावळा चेहरा छापताना त्याला उजेड द्या. गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पडलेला उजेड दिसला पाहिजे आणि डोळे स्पष्ट हवेत. त्यासाठी ‘शॅडोज’ थोडे वर घेतले की पुरतं. त्वचेचा रंग तोच राहू द्या. ‘ब्यूटी’ बंद ठेवा. पुटकुळी पुसायला हरकत नाही, ती आठ दिवसांत जाणारच होती. तीळ, व्रण आणि सुरकुत्या यांना हात लावू नका.

हल्ली अंधुक चेहरा क्षणात स्पष्ट करून देणारी एआय ॲप निघाली आहेत. ती काय करतात ते समजून घ्या. फाइलीत जे नाही ते यंत्र अंदाजानं भरतं. दात, पापण्या, ओठांची कड त्यानं इतर असंख्य चेहऱ्यांवरून रचलेली असते. झाड किंवा देऊळ असेल तर एक वेळ चालून जाईल. आजीचा चेहरा असेल तर निकाल तिला ओळखणाऱ्या माणसाला दाखवा, आणि तो थबकला तर मूळचा अंधुक फोटोच लहान आकारात छापा.

डोकी का कापली जातात

मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणात असतो. दुकानातला नेहमीचा ४ गुणिले ६ इंचाचा प्रिंट, ज्याला आपण मॅक्सी म्हणतो, तो असतो ३:२ प्रमाणात. फोटो कागदापेक्षा जास्त चौकोनी असल्यामुळे कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या आखूड बाजूचा नववा भाग कापावाच लागतो. आडव्या ग्रुप फोटोत हा कापलेला भाग वरचा किंवा खालचा असतो. वर आजोबांचा फेटा असतो, खाली मांडी घालून बसलेली मुलं असतात. कुणाला कापायचं ते यंत्र ठरवतं, कारण आपण ठरवलेलं नसतं.

म्हणून ‘क्रॉप’मध्ये जाऊन ३:२ निवडा आणि चौकट आपल्या हातानं बसवा. काहीच कापायचं नसेल तर दुकानात सांगा की फोटो पूर्ण बसवा, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. ज्या लॅबमध्ये ६ गुणिले ८ इंचाचा प्रिंट मिळतो तिथे मोबाइलचा फोटो न कापता बसतो, कारण त्याचंही प्रमाण ४:३ च आहे. ८ गुणिले १० आणि ८ गुणिले १२ हे आकार नावानं जवळचे वाटले तरी प्रमाणानं वेगळे आहेत. फ्रेम आधी विकत घेतली असेल तर तिचा आकार नीट मोजून घ्या.

बिनकिनारीच्या प्रिंटमध्ये चारही बाजूंनी काही मिलिमीटर आणखी जातात. तेव्हा फोटो काढतानाच माणसांभोवती थोडी मोकळी जागा सोडायची सवय लावा. जास्तीची जागा नंतर कापता येते. आणि लग्नाच्या अल्बमचं डिझाइन मंजूर करताना प्रत्येक दुपानी फोटोच्या मध्यावर बोट ठेवून बघा. तिथे घडी येणार आहे. घडीवर कुणाचा चेहरा येत असेल तर तो सरकवायला सांगा.

किती मोठा छापता येईल

हिशोब सोपा आहे. फोटोच्या पिक्सेलना ३०० नं भागा, जेवढं उत्तर येईल तेवढ्या इंचांपर्यंत प्रिंट हातात धरून बघितला तरी रेखीव दिसतो. ४००० गुणिले ३००० चा फोटो १३ गुणिले १० इंचांपर्यंत बिनघोर जातो. भिंतीवरचा फोटो आपण दोन-तीन हातांवरून बघतो, तिथे २०० नं भागलं तरी चालतं. म्हणजे तोच फोटो १२ गुणिले १८ इंचांची फ्रेमही निभावून नेतो.

आता व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो घ्या. मॅक्सीला तो ठीक आहे. ८ गुणिले १२ ला इंचामागे १३३ पिक्सेल उरतात आणि १२ गुणिले १८ ला ८९. इथेच स्टुडिओवाला म्हणतो, ‘साहेब, फोटो फाटतोय.’ तो खरं सांगत असतो. चौकातल्या फ्लेक्सवर याहून कमी पिक्सेल असूनही चेहरा स्पष्ट दिसतो, कारण तो आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो.

दोन गैरसमज दूर करतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीपीआय’चा आकडा ७२ वरून ३०० केल्यानं फोटोत एकही नवा ठिपका येत नाही. आणि ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेल असं मोबाइलच्या खोक्यावर छापलेलं असलं, तरी नेहमीच्या सेटिंगवर यांतले बहुतेक फोन अनेक ठिपके एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. छपाईला तो भरपूर आहे. नुकसान होतं ते दोन बोटांनी ताणून झूम केल्यानं. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

दुकानदाराशी बोला

लॅबमधला ऑपरेटर शेकडो फोटो झरझर बघत प्रत्येकाचा गडदपणा आणि रंग कमी-जास्त करत असतो. कधी हे काम यंत्र आपणहून करतं. तुम्ही घरी मन लावून फोटो सुधारलेला असेल तर हे दुसऱ्यांदा झालेलं ‘करेक्शन’ तुमचं काम उधळून लावतं. म्हणून स्पष्ट सांगा, ‘फोटो सुधारलेले आहेत, करेक्शन करू नका.’ सुधारलेले नसतील तर तेही सांगा, ‘तुम्ही बघून करा.’ अर्धे असे आणि अर्धे तसे असतील तर दोन वेगळे फोल्डर करा.

कोणत्या पद्धतीनं छापणार तेही विचारा. मोठ्या कलर लॅबमध्ये फोटोच्या कागदावर लेझरनं उजेड टाकून तो रसायनांत धुतात. पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो देणाऱ्या दुकानांत बऱ्याचदा उष्णतेनं रंग चढवणारा छोटा प्रिंटर असतो. दोन्ही चांगले. कलर झेरॉक्स मात्र फोटो नव्हे, अर्जाला चिकटवण्यापुरती ती ठीक. अल्बमला ग्लॉसी कागद खुलतो. भिंतीवर मॅट बरा, कारण त्यावर समोरची खिडकी चमकत नाही.

सगळ्यात उपयोगाचा सल्ला असा, की मोठा प्रिंट किंवा पन्नास फोटोंची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन फोटोंचे मॅक्सी काढून बघा. एक उजळ फोटो घ्या, एक अंधारा आणि एक चेहऱ्याचा. दुकानातल्या दिव्याखाली बघून निकाल देऊ नका, बाहेर सावलीत दिवसाच्या उजेडात बघा. तीनही गडद आले तर तुमचा पडदा अजून जास्त उजळ आहे, तेवढा अंदाज धरून बाकीचे सुधारा. चांगली लॅब सापडली की तिच्याकडेच जात राहा. तिचा हात तुम्हाला कळतो आणि पुढची ऑर्डर सोपी होते.

घरी छापणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंकजेट किंवा इंकटँक प्रिंटरला फोटोचाच कागद वापरा, त्याची चकचकीत बाजू बरोबर लावा आणि प्रिंटच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार न विसरता बदला. तिथे ‘प्लेन पेपर’ राहिलं तर चांगल्या कागदावरही प्रिंट मरगळलेला निघतो. इंकजेटचा चकचकीत कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, आतल्या उष्णतेनं त्याचा थर वितळून यंत्रच बिघडू शकतं.

पावसाळ्याचा विचार करा

कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतात. कागदावरचा जिलेटिनचा थर दमटपणानं फुगतो आणि काचेवर बसतो. ओढून काढला की चेहरा काचेवर राहतो. त्यामुळे फ्रेम करताना फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा, म्हणजे काच आणि फोटो यांत फट राहते. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. ऊन थेट पडतं तिथे रंग उडतात, आणि देवघरात उदबत्ती-निरांजनाची काजळी बसते. जुन्या पद्धतीचे चिकट पानांचे अल्बम टाळा, त्यांचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो. एकुलत्या एका जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. तो आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. प्रिंटच्या मागे नावं, गाव आणि साल लिहून ठेवा, मात्र बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात. आणि मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घराबाहेरची असावी.

विनंती

आता दोन कामं मागतो. पहिलं घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला आणि दहाव्याला फोटो लागतो. मग धावपळीत कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापला जातो, व्हॉट्सॲपचा डीपी ताणला जातो, आणि भिंतीवर वर्षानुवर्षं एक अंधुक चेहरा हार घालून राहतो. बोलायला अवघड वाटतं, पण हे टाळणं अगदी सोपं आहे. येत्या रविवारी सकाळी आई-वडिलांना, आजी-आजोबांना खिडकीशेजारी बसवा. त्यांच्या आवडीचे कपडे असू द्यात. खिडकीचा उजेड बाजूनं चेहऱ्यावर पडू द्या, मोबाइलचा फ्लॅश आणि ‘ब्यूटी’ बंद ठेवा, त्यांच्याशी गप्पा मारत दहा-बारा फोटो काढा. त्यातला एक ८ गुणिले १२ वर छापून त्यांनाच भेट द्या. त्यांना तो आता बघू द्या, आवडला नाही तर दुसरा काढा.

दुसरं काम सगळ्यांसाठी. दर वर्षी दिवाळीच्या आधी मोबाइलमधले वर्षाचे फोटो चाळा आणि फक्त दोन डझन निवडा. हजारो फोटोंतून चोवीस निवडणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे, बाकीचं वर सांगितलं आहे. मॅक्सी प्रिंट काढा, मागे नावं लिहा, अल्बममध्ये लावा. एका वर्षाचा खर्च घरच्या सगळ्यांच्या एका हॉटेलच्या जेवणाहून कमी येईल. आणि पहिले प्रिंट मनासारखे आले नाहीत तर दुकानदाराशी भांडण्याआधी मोबाइलचा ब्राइटनेस कितीवर आहे ते एकदा बघून घ्या.